लांबच्या प्रवासाची मोटारसायकल: सीसी नंतर बघा, वजन आधी

२२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारसायकलींच्या किमतीत एक ठळक रेघ पडली आहे. ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ३५० च्या वरच्या गाड्यांवर आधी २८ टक्के कर आणि ३ टक्के उपकर होता, तो थेट ४० टक्के झाला. हिशेब मांडला तर लहान गाडी साधारण पावणेआठ टक्क्यांनी स्वस्त व्हायला हवी आणि मोठी जवळपास सात टक्क्यांनी महाग. कंपन्यांनी त्यातला किती बोजा स्वतः उचलला, हा भाग वेगळा. विम्यातही हीच रेघ आहे. २०२२ साली ठरलेल्या दरांनुसार थर्ड पार्टीचा वर्षाचा हप्ता १५० ते ३५० सीसीला १,३६६ रुपये आणि त्याच्या वर २,८०४ रुपये, म्हणजे दुपटीहून जास्त.

त्यामुळे गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत लडाखची, स्पितीची, नेपाळची स्वप्नं बघणारी मंडळी सध्या एकच गोष्ट विचारताहेत: ३५० च्या खालची गाडी घेतली तर ती एवढ्या लांब पोचेल का?

पोचेल. आणि बऱ्याच जणांसाठी तीच जास्त बरी. पण ही गोष्ट कुणाच्या शब्दावर मान्य करण्यापेक्षा मुळापासून समजून घेतलेली चांगली, कारण दोन-तीन लाख रुपये आणि कदाचित आयुष्यातली एकमेव मोठी सुट्टी यात गुंतलेली असते.

सीसीवरून काय कळतं आणि काय कळत नाही

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पिस्टन खालून वर जाताना जेवढी जागा व्यापतो, ती घन सेंटिमीटरमध्ये मोजली की सीसी मिळतं. एका दमात इंजिन किती हवा आत ओढू शकतं, एवढंच त्यातून कळतं. गाडी कशी चालेल हे कळायला आणखी दोन आकडे लागतात, टॉर्क आणि पॉवर. शोरूममधला विक्रेता हे दोन्ही शब्द भराभर फेकतो आणि ऐकणारा मान डोलावतो.

किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासळीचं मोठं जाळं, ओढताना बघा. दोरावर एका वेळी किती जोर लागला, तो झाला टॉर्क. तोच जोर लावत माणसं किती झपाट्याने मागे सरकली, म्हणजे मिनिटाला किती हात दोर बाहेर आला, ती पॉवर. जड जाळं सावकाश पण न थांबता ओढणारे हात वेगळे आणि हलकं जाळं भराभर ओढणारे वेगळे. इंजिनांचंही तसंच असतं.

३४९ सीसीची रॉयल एनफिल्ड क्लासिक साधारण २० हॉर्सपॉवर देते. तिचा सगळ्यात जास्त टॉर्क, २७ न्यूटन मीटर, इंजिन मिनिटाला ४,००० फेरे घेत असतानाच मिळतो. २४९ सीसीच्या सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्सची पॉवर २६ च्या वर, म्हणजे क्लासिकपेक्षा जास्त. पण टॉर्क २२ च्या आसपास, आणि तोही ७,३०० फेऱ्यांना. पहिली गाडी कमी गिअर बदलत, संथपणे चढ चढते. दुसरीला फिरवत ठेवावं लागतं, पण हायवेवर ती पुढे असते. शंभर सीसी कमी असून हे घडतं. सीसी बघून गाडी जोखू नये ते याचसाठी.

मग जोर लागतो तरी किती? सपाट रस्त्यावर एकटा माणूस ताशी ८० किलोमीटरने जात असेल तर आठ-दहा हॉर्सपॉवर पुरतात. वेग १०० वर नेला की वाऱ्याला कापायला लागणारी पॉवर जवळजवळ दुप्पट होते, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. पनवेलहून निघून गोव्यातून कन्याकुमारीपर्यंत जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ६६ वर काय, किंवा राजस्थानातल्या सरळसोट रस्त्यावर काय, सामान लादलेल्या मोटारसायकलचा सुखाचा वेग ७० ते ९० मधलाच असतो. तेवढ्याला २० ते २५ हॉर्सपॉवरची गाडी आरामात पुरते. ताशी १२० ने तासन्‌तास जायचंच असेल तर मोठं इंजिन घ्या. पण मग पेट्रोलचा, टायरचा आणि थकव्याचा हिशेबही त्याच वेगाने वाढवा.

खरा प्रश्न वजनाचा

माझ्या मते लांबच्या प्रवासाची गाडी निवडताना पहिला आकडा कर्ब वेटचा बघावा. कर्ब वेट म्हणजे तेल-पेट्रोलासकट, रस्त्यावर यायला तयार असलेल्या गाडीचं वजन. हीरो एक्सपल्स २१० आणि व्ही-स्ट्रॉम एसएक्स १७० किलोच्या आत-बाहेर आहेत. केटीएम ३९० ॲडव्हेंचर १८० च्या वर जाते. क्लासिक १९५ आणि रॉयल एनफिल्डचीच हिमालयन ४५० ही १९६ किलोची. त्यावर तुमचं सामान, अवजारं, पाणी आणि पावसाचे कपडे. काहीही न करता वीस-तीस किलो वाढतात.

हे वजन हायवेवर जाणवत नाही. ते जाणवतं गाडी थांबल्यावर. उतरत्या खडीवर वळवून घेताना, नाल्यातल्या गुळगुळीत गोट्यांवर चाक घसरताना, धाब्यासमोरच्या चिखलात स्टँड रुतताना. लांबच्या प्रवासात गाडी बहुतेक वेळा पडते ती अशी, चालण्याच्या वेगाला किंवा चक्क उभ्या उभ्या. तेव्हा आजूबाजूला कुणी नसेल तर ती उचलायची कोणी?

उचलण्याचीही एक पद्धत आहे आणि ती निघण्याआधी आपल्या अंगणात करून बघण्यासारखी आहे. आधी इंजिन बंद करायचं. गाडी उजव्या कुशीवर पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवायचा, म्हणजे उभी झाल्यावर ती पलीकडे कलंडणार नाही. गाडी घरंगळू नये म्हणून गिअर टाकायचा. हँडल पूर्ण वळवून घ्यायचं. मग गाडीकडे पाठ करून बसायचं, सीटच्या कडेला पाठीचा खालचा भाग टेकवायचा, एका हाताने हँडलची मूठ आणि दुसऱ्याने मागचं कॅरिअर धरायचं आणि पायांनी जमीन रेटत छोट्या पावलांनी मागे सरकायचं. कंबर वाकवून, हातांच्या जोरावर उचलायला गेलात तर गाडी उठणार नाही आणि कंबर मात्र धरेल. या पद्धतीने धडधाकट माणूस १७० किलोची गाडी उचलू शकतो. सामानासकट २२० किलोची उचलताना बऱ्याच जणांना सामान सोडावं लागतं. पंधरा हजार फुटांवर, जिथे चार पावलं चालून धाप लागते, तिथे हा फरक म्हणजे अख्खा दिवस.

"पण जड गाडी रस्ता धरून चालते ना?"

यात थोडं तथ्य आहे. कंटेनर बाजूने गेला की हलकी गाडी जास्त हलते आणि आडव्या वाऱ्यात सारखी सावरावी लागते. पण तुम्ही आणि सामान मिळून शंभर किलो असाल तर १७० आणि १९६ मधला फरक चालत्या गाडीला फारसा उरत नाही. रस्ता धरण्याचं काम टायर, सस्पेन्शन आणि सामान बांधण्याची पद्धत जास्त करतात. जड वस्तू खाली आणि शक्य तितक्या पुढे, तुमच्या पायांच्या जवळ असाव्यात. मागच्या टोकाला उंच पेटी लावून त्यात अवजारं भरली की ते वजन मागच्या चाकाच्याही मागे जातं, पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल डुगडुगायला लागतं. मग दोष गाडीला दिला जातो.

पाय टेकले पाहिजेत, पण किती?

साहसी प्रवासाच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या गाड्यांची सीट उंच असते. हिमालयन ४५० ची ८२५ मिलिमीटर, एक्सपल्स २१० ची ८३०, व्ही-स्ट्रॉम एसएक्सची ८३५. आकडे जवळजवळ सारखे आहेत, पण सीट रुंद असली की पाय फाकतात आणि तेवढीच उंची जास्त वाटते. म्हणून माहितीपत्रकावरून ठरवू नका. ज्या बुटात प्रवास करणार ते बूट घालून बसा. दोन्ही पायांचे चवडे टेकत असतील तर पुरे, टाचा टेकल्याच पाहिजेत असं नाही. उंची कमी असेल तर हलकी गाडी घेण्याचं कारण आणखी पक्कं होतं. पाच फूट दोन इंच उंचीची मुलगी हलकी गाडी एका पायावर तोलून धरू शकते. दोनशे किलोच्या गाडीला तेवढा तोल पुरत नाही.

टाकी, मायलेज आणि नवं पेट्रोल

मनाली-लेह रस्त्यावर तांडीच्या पंपावरची पाटी प्रवाशांमध्ये प्रसिद्ध आहे: पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. टाकीची परीक्षा घ्यायला हा टप्पा चांगला. १३ लिटरच्या टाकीची गाडी घाटात लिटरला ३० देत असेल तर ३९० किलोमीटर जाईल, म्हणजे जेमतेम. सोबत पाच लिटरचा धातूचा कॅन हवाच. हिमालयनची टाकी १७ लिटरची, पण ती पितेही जास्त. थोडक्यात, टाकी किती मोठी हे एकट्याने काही सांगत नाही. लिटर गुणिले मायलेज हा आकडा काढा आणि त्यातून पन्नास किलोमीटर वजा करा.

मायलेजचा आकडा मात्र आता नव्याने मोजायला हवा. पंपावर मिळतं ते ई-२० पेट्रोल, म्हणजे ज्यात २० टक्के इथेनॉल आहे. इथेनॉलच्या लिटरमधून पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा मिळते. त्यामुळे एकूण मिश्रणात शुद्ध पेट्रोलच्या मानाने सहा-सात टक्क्यांची घट येते. इथेनॉल हवेतली वाफ ओढून घेतं, हे दुसरं. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. इथे चार महिने अर्ध्या टाकीने झाकून ठेवलेली गाडी सप्टेंबरात खोकायला लागली तर आधी टाकीत तळाला पाणी साचलंय का ते बघावं. २०२३ च्या एप्रिलनंतरच्या गाड्यांचे रबरी भाग ई-२० ला टिकतील असे बनवले आहेत. जुनी गाडी घेणार असाल तर पेट्रोलचे पाइप आणि सील बदलायचा खर्च किमतीत धरा.

चाकं, ट्यूब आणि आपली खारी हवा

पुढचं चाक मोठं असेल तर ते खड्ड्यात कमी रुततं आणि दगडांवरून सहज चढतं. हिमालयन ४५० आणि एक्सपल्सला पुढे २१ इंची चाक आहे, व्ही-स्ट्रॉमला १९. डांबरी रस्ता जास्त असेल तर १९ इंची चाक वळणांवर चपळ वाटतं. स्पितीसारखे वाटेवर फक्त दगड असलेले रस्ते डोक्यात असतील तर २१ इंची घ्या.

स्पोकचं चाक आपटलं तर थोडं वाकतं आणि ठोकून, ताणून सरळ करता येतं. अलॉयचं चाक जोरात आपटलं तर तडकण्याची भीती असते, पण त्यात ट्यूबलेस टायर बसतो. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसला तर चाक न काढता चिकट दोरी ठासून दहा मिनिटांत निघता येतं. ट्यूब असली की चाक उतरवा, टायर सोडवा, ट्यूब ओढून काढा. बऱ्याच गाड्यांना मधला स्टँडच नसतो, तेव्हा इंजिनाखाली दगड लावून मागचं चाक अधांतरी करावं लागतं.

आपल्याकडे यात आणखी एक गोष्ट आहे, ती हिमालयाची माहिती देणाऱ्यांना सुचत नाही. डिचोलीच्या एका पंक्चरवाल्याकडे मी एका स्पोकवाल्या गाडीचं मागचं चाक उघडताना बघितलं. बाहेरून टायरात काहीच घुसलेलं नव्हतं. त्याने ट्यूब पाण्याच्या टबात दाबली, बुडबुडे आले ते ट्यूबच्या आतल्या बाजूने. मग त्याने रिमवरची रबरी पट्टी नखाने उचलली, ती पापडासारखी तुटली. खाली स्पोकच्या टोकावरचं नट गंजून फुगलं होतं आणि त्याची एक धार वर आली होती. त्याच धारेने ट्यूब कापली होती. त्याने ती कानशीने घासून गुळगुळीत केली, नवी पट्टी बसवली आणि बाकीचीही नटं एकेक करून बोटाने चाचपली. कळंगुटला किंवा बेतुलला समुद्राजवळ राहणाऱ्याने स्पोकची गाडी घेतली असेल तर लांब निघण्याआधी दोन्ही टायर उतरवून रिमच्या आत एकदा बघून घ्यावं. खर्च थोडा आहे आणि यातून वाचणारा त्रास फार मोठा.

ब्रेकच्या बाबतीत एवढंच लक्षात ठेवा की दोन्ही चाकांना एबीएस असलेली गाडी घ्या आणि मागच्या चाकाचं एबीएस बंद करायची सोय असेल तर उत्तम. एबीएस म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक पूर्ण जाम न होऊ देणारी यंत्रणा. डांबरावर ती जीव वाचवते. सुट्या खडीच्या उतारावर मात्र चाक थोडं रुतून घासलं जाणं उपयोगाचं असतं आणि एबीएस तेच होऊ देत नाही.

"जुनी कार्ब्युरेटरची गाडी कुठेही दुरुस्त होते, ती का नको?"

हा आक्षेप जुन्या जाणत्यांकडून येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कार्ब्युरेटर म्हणजे हवेच्या ओढीवर पेट्रोलचे थेंब मिसळणारा साधा भाग. पेट्रोलमध्ये कचरा आला तर स्क्रू-ड्रायव्हरने उघडून फुंकर मारली की काम झालं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि नव्या गाड्यांमध्ये फ्युएल इंजेक्शन आलं. त्यात एक छोटा संगणक हवेचा दाब, तापमान आणि इंजिनाचा वेग बघून पेट्रोल मोजून फवारतो.

उंचीवर नेमका हाच फरक कामाला येतो. वर हवा विरळ होते. खारदुंग ला ५,३५९ मीटरवर आहे. तिथे इंजिनाची ताकद जवळपास चाळीस टक्क्यांनी घटते, गाडी कुठलीही असो. कार्ब्युरेटरला हे कळत नाही. तो खालच्या हिशेबानेच पेट्रोल देत राहतो, मग गाडी काळा धूर सोडते, प्लग काळवंडतो आणि दर घाटाला जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोकाचं तोंड, बदलायची वेळ येते. इंजेक्शन आपोआप पेट्रोल कमी करतं. ताकद घटतेच, पण गाडी गुदमरत नाही. २५ हॉर्सपॉवरच्या गाडीकडे तिथे पंधरा उरतात आणि त्या वळणावळणाच्या रस्त्यावर ताशी तीस-चाळीसच्या वेगाला तेवढे पुरतात. "लहान गाडी लडाखला दम टाकेल" या भीतीचं उत्तर या आकड्यात आहे.

इंजेक्शनची दुखरी जागा बॅटरी आहे. बॅटरी पूर्ण बसली की पेट्रोलचा पंप फिरत नाही आणि गाडी ढकलूनही चालू होत नाही. बहुतेक नव्या गाड्यांना किकही नसते. म्हणून बॅटरी दोन-तीन वर्षांची झाली असेल तर ती बदलूनच निघा आणि मोबाइलच्या पॉवर बँकेएवढा जंप स्टार्टर सामानात टाका. पाण्याने थंड होणारं इंजिन असेल तर रेडिएटरला जाळी लावा, कारण पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेला एक दगड त्या पातळ पट्ट्यांना भोक पाडायला पुरतो.

"मग बुलेट का नको? सगळे तीच घेतात."

दर वर्षी नोव्हेंबरात वागातोरला रॉयल एनफिल्डचा मोटोव्हर्स हा मेळावा भरतो, हिमालयन ४५० ची किंमतही २०२३ मध्ये तिथेच जाहीर झाली. त्यामुळे आपल्याकडे लांबचा प्रवास म्हटलं की हीच कंपनी डोळ्यांसमोर येते. बुलेट किंवा क्लासिक घेऊ नका असं मी म्हणणार नाही. २०२० पासून आलेल्या त्यांच्या नव्या ३५० सीसी इंजिनांमध्ये हादरे कमी करणारा बॅलन्सर शाफ्ट आहे, त्यामुळे हाताला मुंग्या येण्याची जुनी तक्रार बरीच कमी झाली. उत्तरेकडे हिच्यावर हात बसलेला मेकॅनिक जवळजवळ प्रत्येक गावात भेटतो, ही फार मोठी जमेची बाजू.

अडचण आहे ती वजनाची आणि पोटाखालच्या कमी जागेची. पूर्ण डांबरी प्रवास, म्हणजे गोवा ते कन्याकुमारी किंवा कच्छपर्यंत, क्लासिक सुखाने करेल. पाण्याचे नाले आणि दगडांची वाट असेल तर तिच्यावर जास्त मेहनत करावी लागते. लोक करतात, पण पहिल्याच प्रवासात ते ओझं का घ्यायचं?

दोघं जाणार असाल तर

इथे माझा सल्ला बदलतो. मागे माणूस आणि दोघांचं सामान म्हटलं की दीडशे-पावणेदोनशे किलोचा बोजा होतो आणि हलक्या गाडीचं मागचं सस्पेन्शन तळाला टेकायला लागतं. अशा वेळी हिमालयनसारखी गाडी तिच्या जास्तीच्या कराला आणि वजनाला न्याय देते. गाडीच्या पुस्तकात जास्तीत जास्त भार किती ते दिलेलं असतं, ते पान शोधून वाचा. आणि मागे बसणाऱ्या व्यक्तीला टेस्ट राइडला न्या. पुढच्याला गाडी कितीही आवडली तरी मागच्याची कंबर पन्नास किलोमीटरवर बोलायला लागली तर तो प्रवास दोघांचाही नाही.

देशाबाहेर जायचं असेल तर

नेपाळ सोपं आहे. सीमेवर भन्सार भरायचा, म्हणजे गाडीचा दिवसांच्या हिशेबाने जकात-परवाना घ्यायचा, आणि आत जायचं. आपल्याच कंपन्यांच्या गाड्या तिथे चालतात, त्यामुळे सुटे भाग मिळतात. आरसी तुमच्याच नावावर असेल तर कटकट कमी.

त्यापलीकडे, इराणमार्गे युरोपकडे वगैरे जायचं तर कार्ने लागतं. ही गाडीची आंतरराष्ट्रीय वही. "ही गाडी आम्ही तुमच्या देशात विकणार नाही, परत नेणार" याची ती हमी असते आणि प्रत्येक सीमेवर तिच्यात शिक्के पडतात. त्यासाठी अनामत किंवा बँकेची हमी द्यावी लागते आणि ती गाडीच्या किमतीवर अवलंबून असते. म्हणजे इथेही स्वस्त गाडीवाल्याचे कमी पैसे अडकतात.

"विकत कशाला, भाड्याने नेऊ"

काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची भाड्याची गाडी गोव्यात फिरायला ठीक आहे. लडाखमध्ये मात्र बाहेरून भाड्याने आणलेल्या गाड्यांना तिथले गाडीवाले फिरू देत नाहीत, गाडी तिथलीच घ्यावी लागते. वेळ कमी असेल तर हाच मार्ग शहाणपणाचा आहे. इथून लेह एका बाजूने तीन हजार किलोमीटरच्या आसपास पडतं. दोन आठवड्यांची सुट्टी असेल तर निम्म्याहून बरीच जास्त जाण्या-येण्यातच संपते. स्वतःचीच गाडी हवी असेल तर मडगावहून रेल्वेच्या पार्सलने ती दिल्लीला किंवा चंदीगडला पाठवता येते. त्यासाठी टाकी पूर्ण रिकामी करावी लागते आणि आरसीची प्रत लागते. आरसे आणि इंडिकेटर स्वतःच्या हाताने काढून बॅगेत ठेवा.

पैसे देण्याआधी चोर्ला

शोरूमची टेस्ट राइड म्हणजे पुढच्या सर्कलपर्यंत जाऊन परत. त्यात काहीच कळत नाही. ओळखीत कुणाकडे तीच गाडी असेल तर एका रविवारी विनंती करून मागून घ्या, नाहीतर भाड्याने घ्या. सकाळी साखळीहून केरी, चोर्ला, कणकुंबी, जांबोटी करत बेळगाव आणि त्याच वाटेने परत. या एका रस्त्यात चढ, आंधळी वळणं, धुकं, खड्डे आणि जांबोटीनंतरचा सपाट मोकळा रस्ता, सगळं मिळतं. प्रवासात नेणार तेवढं सामान बांधूनच जा. घाटात कुठेतरी सुरक्षित जागी थांबून गाडी चढावर वळवून बघा. परत येताना मनगटं, मान आणि बसायची जागा यांतलं आधी काय दुखलं ते लक्षात ठेवा. मनगटं दुखली तर हँडल थोडं वर घेऊन भागतं, बसायची जागा दुखली तर सीट बदलून भागतं. गुडघे दुखले तर मात्र ती गाडी तुमच्या मापाची नाही.

नवी गाडी घेतली की लगेच निघू नका. पहिली सर्व्हिसिंग होऊ द्या, स्पोक असतील तर ते पुन्हा ताणून घ्या आणि चेन स्वतः साफ करून तेल लावायला शिका, कारण वाटेत दर पाचशे किलोमीटरला, पावसात त्याआधीच, ते तुम्हालाच करायचं आहे. मागचं चाक काढून परत बसवणं मेकॅनिकच्या देखरेखीखाली एकदा स्वतःच्या हाताने करा आणि त्याला लागलेले पाने तेवढेच सामानात घ्या. क्लचची एक जादा केबल, ब्रेक पॅड, दोन लिव्हर, फ्यूज आणि चेनचं लॉक एवढं बरोबर असलं तर बहुतेक अडचणी वाटेवरच सुटतात. मनाली-लेह रस्ता साधारण मे-जूनपर्यंत उघडतो. त्या मोसमात जायचं असेल तर गाडी फेब्रुवारीपर्यंत दारात यायला हवी.